अंधारात संपणारे स्तोत्र : ‘फँड्री’ आणि ‘येशूचे जीवन’

प्रायश्चित्तकाळातील एखाद्या रविवारी सायंकाळी प्रभूच्या दुःखसहनावरील चित्रपट धर्मग्रामाच्या सभागृहात दाखवावा, असा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. हिंगोली जिल्ह्यातील आमच्या लहानशा भाविकसमूहातही तो पाळला जातो. एका वर्षी मात्र युवकांनी आग्रह धरला की, नेहमीचा चित्रपट नको. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ दाखवावा. आम्ही होकार दिला. भिंतीवर पांढरी चादर ताणली गेली, सतरंज्या अंथरल्या गेल्या, आणि पाऊणेदोन तासांनी दिवे लागले तेव्हा सभागृहात कोणीही बोलेना. अखेर एक वयोवृद्ध धर्मशिक्षक उठले व म्हणाले, “फादर, शिव्या ऐकवल्या, डुकरं दाखवली, अन् शेवटी पोरांच्या हातात काय दिलं? धोंडा!”

भाकर मागणाऱ्या लेकराला धोंडा कोण देईल, हा प्रभूने विचारलेला प्रश्न त्यांच्या मनात असणार. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या कलाकृतीत आशेचा एकही कवडसा नाही, ती ख्रिस्ती माणसाने का पाहावी? प्रस्तुत लेख हा त्या वृद्ध शिक्षकांना दिलेले उशिराचे उत्तर आहे. सोबत आम्ही आणखी एका चित्रपटाचा विचार करणार आहोत. तो फ्रान्समधील आहे, त्याचे नाव ‘येशूचे जीवन’ असे आहे, आणि त्यात येशू कोठेही दिसत नाही.

प्रथम ‘फँड्री’. हा चित्रपट २०१३ साली मुंबई चित्रपट महोत्सवात गौरविला गेला आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. पदार्पणातील सर्वोत्तम दिग्दर्शनासाठीचा इंदिरा गांधी राष्ट्रीय पुरस्कार मंजुळे यांना आणि बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार सोमनाथ अवघडे याला मिळाला. ‘फँड्री’ या कैकाडी बोलीतील शब्दाचा अर्थ डुक्कर. जांबुवंत ऊर्फ जब्या हा शाळकरी मुलगा गावकुसाबाहेरच्या घरात राहतो. बाप कचरू हा गावाची पडेल ती कामे करतो. डुकरे धरणे हे त्यांपैकीच एक. जब्याचे मन वर्गातल्या शालूवर जडले आहे. शालू वरच्या जातीची. काळ्या चिमणीची राख जिच्या अंगावर टाकावी ती वश होते, असे त्याने ऐकले आहे. म्हणून मित्र पिऱ्याला घेऊन गलोल हाती धरून तो रानोमाळ चिमणीमागे भटकतो. चिमणी काही सापडत नाही. उसन्या सायकलीवरून फिरून चार पैसे मिळवावेत म्हणतो, तर ती सायकल ट्रकखाली चिरडते. जत्रेत नवे कपडे घालून शालूच्या देखत नाचू लागतो, तर डोक्यावर गॅसबत्ती धरून उभे राहणे नशिबी येते. पुढे जत्रेच्या मिरवणुकीत डुक्कर शिरते आणि डुकरे धरण्याचे फर्मान सुटते. घरात मुलीचे लग्न ठरलेले. कचरूला पैशाची निकड. साऱ्या कुटुंबाला घेऊन तो शाळेच्या परिसरात डुकरांमागे धावतो. पोरे, बाया, तरुण, सारे गाव तो तमाशा पाहत हसत असते. शालूही त्यांत असते.

गोष्ट एवढीच. परंतु मंजुळे ती सांगतात कशी, हे पाहण्यासारखे आहे. त्यांना भाषण करावयाचे नाही. वर्गात चोखोबांचा अभंग शिकविला जातो; त्याच वर्गात चोखोबांच्या जातीसारख्याच एका जातीचा मुलगा बसलेला असतो, आणि धडा व मुलगा यांचा संबंध कोणाच्याही लक्षात येत नाही. डुकराचा पाठलाग ऐन भरात आला असता शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. पाठोपाठ घरचेही थबकतात, आणि डुक्कर निसटते. ज्या राष्ट्राने त्याला फार थोडे दिले, त्या राष्ट्राचा मान राखताना त्याच्या हातचे डुक्करही जाते. नंतर धरलेले डुक्कर काठीला उलटे टांगून बापलेक निघतात तेव्हा मागच्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले प्रभृतींची चित्रे रंगविलेली दिसतात. कॅमेरा त्यांवर रेंगाळत नाही. प्रवचनकाराने यापासून धडा घ्यावा: दाखवून झाले की थांबावे.

हे सारे हिंगोलीत बसून पाहताना आम्हांस दोन गोष्टी टोचत होत्या. पहिली अशी. संत नामदेवांचे परंपरेने मानले जाणारे जन्मस्थान नरसी हे आमच्याच जिल्ह्यात आहे. मंगळवेढ्यास भिंत कोसळून चोखोबा तिच्याखाली गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी गोळा करून पंढरीस नेणारे नामदेवच, असे वारकरी परंपरा सांगते. औंढा नागनाथ हेही येथून जवळच. कीर्तनाला बसलेल्या नामदेवांना देवळासमोरून उठविले गेले, ते मागच्या बाजूस जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही आख्यायिका येथील लहान मुलालाही ठाऊक असते. देव फिरला. गाव फिरले की नाही, हा प्रश्न मात्र आख्यायिका विचारीत नाही. तो ‘फँड्री’ विचारतो.

दुसरी गोष्ट कागदावरची आहे. इंग्रजी राजवटीने १८७१च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारण्यास आरंभ केला, त्यांत पुढे कैकाडीही आले. १९५२ साली तो शिक्का कायद्याने पुसला गेला. आज विदर्भाच्या जुन्या जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातींत मोडतात, उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत. म्हणजे आमची पैनगंगा ओलांडून पलीकडे गेले की तोच माणूस, तीच बोली, तोच धंदा. केवळ सरकारी रकाना बदलतो. माणसाचे जिणे मात्र नदीच्या दोन्ही तीरांवर सारखेच असते. ‘फँड्री’चे गाव नगरकडचे असले, तरी ते ओळखण्यास आमच्या सभागृहातील कोणालाही नकाशा लागला नाही.

आता फ्रान्सकडे वळू. ब्रूनो द्युमाँ यांचा ‘येशूचे जीवन’ हा चित्रपट १९९७ सालचा. मंजुळ्यांप्रमाणे त्यांचाही हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली व त्याच वर्षी त्यास झाँ व्हिगो पुरस्कारही लाभला. द्युमाँ हे तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते. फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सीमेलगत असलेले बायेल हे त्यांचे जन्मगाव. चित्रपट तेथेच घडतो. मंजुळे यांना सोमनाथ हलगी वाजवताना दिसला आणि त्यांनी त्याला जब्या केले. द्युमाँ यांनीही पूर्वी कधी अभिनय न केलेली माणसे आपल्याच मुलुखातून उचलली.

फ्रेडी हा विशीचा, बेकार तरुण. आई छोटेसे कॅफे चालविते. त्याला अपस्माराचे झटके येतात. मित्रांसह फटफट्या उडवीत तो गावाभोवती हिंडतो, मारी नावाच्या मुलीशी त्याचे संबंध आहेत, आणि त्याने एक गाणारा पक्षी पिंजऱ्यात पाळला आहे. पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेत तो त्याला नेतो. दिवस जातात, काही घडत नाही. एका मित्राचा भाऊ एड्सने रुग्णालयात मरणासन्न आहे. मुले त्याला पाहावयास जातात आणि शब्द न सुचून उभी राहतात. तेथे भिंतीवर प्रभू लाजरसला उठवीत असल्याचे चित्र आहे. संपूर्ण चित्रपटात प्रभूचे दर्शन होते ते जवळजवळ एवढेच. कॅफेत एक अरब कुटुंब येते तेव्हा ही मुले त्याची टवाळी करतात. त्या कुटुंबातील कादेर हा तरुण मारीच्या मागे लागतो. फ्रेडीच्या वागण्याला विटलेली मारी हळूहळू त्याच्याकडे वळते. शेवटी टोळके कादेरला गाठते आणि फ्रेडी त्याला लाथांनी मारतो. कादेर मरतो. पोलीस चौकीतून पळालेला फ्रेडी रानात गवतावर पडून राहतो. ढगाआडून ऊन येते. तो रडतो. चित्रपट संपतो.

दोन्ही चित्रपटांत एक मुलगा आणि एक पक्षी आहे. जब्याचा पक्षी सापडत नाही. फ्रेडीचा पक्षी पिंजऱ्यात आहे, आणि तो गातो. ज्याला काहीच लाभत नाही तो दगडापर्यंत येतो, हे समजण्यास कठीण नाही. परंतु ज्याच्या घरात सुंदर गाणारा पक्षी आहे, ज्याच्यावर प्रेम करणारी मुलगी आहे, मित्राच्या भावाच्या खाटेशी ज्याला गलबलून येते, तोही खुनापर्यंत पोहोचतो, हे पचविणे अवघड आहे. द्युमाँ आपल्याला तेथे नेतात आणि फ्रेडीचा तिरस्कार करण्याची सोय ठेवीत नाहीत. चित्रपटाचे नाव अनेकांना ईशनिंदेसारखे वाटले असेल. आम्हांस तसे वाटत नाही. पापी मनुष्याच्या आयुष्यात प्रभू कोठे असतो, हा प्रश्न त्या नावात आहे, आणि प्रभूचे पृथ्वीवरील दिवस पाप्यांच्याच पंगतीत गेले, हे शुभवर्तमान आपल्याला सांगतेच.

येथे ‘फँड्री’ची एक उणीव दिसू लागते. ती नोंदविली नाही, तर हे परीक्षण न होता स्तुतिपाठ होईल. मंजुळ्यांनी जब्याला आणि कचरूला संपूर्ण माणूस केले आहे. किशोर कदम यांचा कचरू तर मराठी पडद्यावरील थोर बापांपैकी एक आहे. दे सिका यांच्या ‘बायसिकल थीव्हज’मध्ये (१९४८) मुलगा बापाची मानखंडना पाहतो आणि त्याचा हात धरतो, व्हॅटिकनने चित्रपटशताब्दीच्या निमित्ताने १९९५ साली पंचेचाळीस चित्रपटांची जी यादी काढली, तीत त्याचा समावेश आहे. जब्याला बापाचा हात धरता येत नाही, कारण त्या बापाचा मुलगा असणे हीच त्याची मानखंडना आहे. हे दुःख अधिक खोल आहे. तथापि ज्या तरुणांवर जब्या शेवटी दगड उचलतो, ते खिदळणारे, मोबाइलवर फोटो काढणारे तरुण कोण आहेत? त्यांचे दिवस कसे जातात? त्यांच्या घरी काय बोलले जाते? चित्रपट त्यांच्या घरात शिरत नाही. शालूच्या मनातही शिरत नाही. ती दुरून दिसणारी मुलगी राहते, आणि हसणाऱ्यांत मिसळते तेव्हा तिला काय वाटले, हे आपल्याला कळत नाही.

याचे एक उत्तर संभवते, ते असे की जब्याला त्या घरांत प्रवेशच नाही, आणि चित्रपट जब्याच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. उत्तर योग्य आहे. पण आमच्यासारख्याला ते पुरत नाही. प्रायश्चित्त संस्काराच्या जाळीपलीकडे गुडघे टेकून बसणारा कधी जब्या असतो, कधी खिदळणारा. पहाटे पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावणारी, दोन-तीन भरत्या हुकल्या की पानटपरीवर संध्याकाळ घालविणारी मुले आम्ही रोज पाहतो. त्यांच्यापैकी काहींना जब्याचे भोग आहेत, काहींच्या अंगी फ्रेडीची रिकामी ताकद आहे, आणि पुष्कळांत दोन्ही एकत्र नांदतात. म्हणून हे दोन चित्रपट आम्ही मनाशी जोडून ठेवतो. मंजुळे जे दार बंद ठेवतात, ते द्युमाँ उघडतात. आणि द्युमाँ जे बंद ठेवतात, ते मंजुळे उघडतात. कारण द्युमाँच्या चित्रपटात मारला जाणारा कादेर जवळजवळ मुकाच आहे. त्याच्या आईबापांचे दुःख आपल्या वाट्याला फारसे येत नाही. खुन्याचा आत्मा शोधण्याच्या भरात मेलेल्याचे नाव मागे पडते. शिवाय त्यातील देहसंबंधांची उघडी दृश्ये पाहता तो चित्रपट धर्मग्रामाच्या सभागृहात दाखविण्यासारखा नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तो प्रौढांनी, जपून पाहावा.

आता मूळ आक्षेपाकडे. आशा नसलेली कलाकृती ख्रिस्ती माणसाने पाहावी का?

निराशा हे पाप आहे, असे सेमिनरीत आम्ही शिकलो. ते खरेच आहे. देवाच्या दयेला मर्यादा आहे असे मानणे म्हणजे निराशा. पण आक्रोश म्हणजे निराशा नव्हे. आम्हा धर्मगुरूंच्या दैनिक प्रार्थनेत दर शुक्रवारी रात्री, निजण्यापूर्वी, ८८वे स्तोत्र येते. विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटी कृतज्ञतेकडे वळतात. हे वळत नाही. बोलणाऱ्याचे मित्र दुरावलेले आहेत, देव तोंड लपवून आहे, आणि स्तोत्र अंधारातच संपते. तरुणपणी आम्हांस वाटे की, येथे दोन ओळींची पुस्ती जोडावयास हवी होती. आता वाटत नाही. ख्रिस्तसभेने हे स्तोत्र गाळले नाही, त्याला शेपूट जोडले नाही. शुक्रवारच्या, म्हणजे क्रुसाच्या दिवसाच्या रात्री ते आपल्या धर्मगुरूंच्या मुखी ठेवले. रविवार येणार आहे हे ठाऊक असूनही शुक्रवारची रात्र तिने शुक्रवारचीच राहू दिली. जे आज अंधारात आहेत, त्यांच्या वतीने कोणीतरी अंधारातच प्रार्थना करावी, हा त्यामागील हेतू असावा असे आम्हांस वाटते.

‘फँड्री’ला त्याने पुस्ती जोडली नाही म्हणून दोष देणे म्हणजे त्या स्तोत्राला दोष देणे होय. शेवटी शालूने डोळे पुसले असते, पाटलाला उपरती झाली असती, मास्तरांनी जब्याच्या खांद्यावर हात ठेवला असता, तर आम्ही समाधानाने सतरंज्या गुंडाळल्या असत्या. ती आशा नव्हे; ती आमची सुटका ठरली असती. व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली सामाजिक संपर्कसाधनांविषयी जे फर्मान काढले, त्यातही दुष्टतेचे चित्रण हे मनुष्याचे अंतरंग अधिक जाणून घेण्यास उपयोगी पडू शकते, हे मान्य केलेले आहे. अट एवढीच की, ते चित्रण नैतिकतेची मर्यादा राखून केलेले असावे. ‘फँड्री’ ती अट पाळतो. त्यातील शिव्या गावात ऐकू येतात त्याच आहेत, आणि त्या ऐकून ज्यांच्या कानांना त्रास झाला, त्यांच्या कानांनी त्या यापूर्वी ऐकल्या नव्हत्या असे नव्हे.

राहिला तो दगड. जब्याचा शेवटचा दगड खिदळणाऱ्यांवर जात नाही. तो थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो, आणि पडदा काळा होतो. योहानाच्या शुभवर्तमानात दगड हाती घेऊन उभ्या असलेल्या माणसांना प्रभू एक प्रश्न करतो आणि ती वयोवृद्धांपासून आरंभ करून एकेक निघून जातात. तेथे दगड निष्पापपणाचा आव आणणाऱ्यांच्या हातात होता. येथे तो सोसणाऱ्याच्या हातात आहे. हिंसेचे आम्ही समर्थन करीत नाही. फ्रेडीच्या लाथांचा शेवट कोठे होतो, ते आपण पाहिलेच. पण हा दगड कोणाचे डोके फोडीत नाही. तो पडद्यावर येऊन थांबतो आणि प्रेक्षकाला विचारतो, तू कोणत्या बाजूला उभा होतास?

आमचे स्वतःचे उत्तर सांगणे भाग आहे. त्या रात्री सगळे निघून गेल्यावर एक तरुण सतरंज्या आवरावयास मागे राहिला. तो फारसा बोलणारा नाही. शेवटची सतरंजी खांद्यावर टाकून तो दाराशी थांबला आणि हळूच म्हणाला, “फादर, डुकरामागं ते पळत होते तवा तुम्ही बी हसले.”

आम्ही हसलो होतो. दिग्दर्शकाने ते दृश्य तसेच रचले आहे: डुक्कर हुलकावणी देते, माणसे एकमेकांवर आदळतात, पाहणाऱ्याला हसू येतेच. अंधारात सारे सभागृह हसत होते आणि त्यात आमचाही आवाज होता. दगड आला तो त्या हसण्यावर. मागच्या ओळीत बसलेल्या ज्या तीन-चार जणांना हसू आले नाही, ते कोण होते, हे आम्हांस दिवे लागल्यावर ध्यानी आले. ते मागच्याच ओळीत का बसतात, हा प्रश्न त्याआधी आमच्या मनाला इतक्या वर्षांत शिवलेला नव्हता.

आपल्या समाजात जात नाही, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. मुलीचे स्थळ पाहताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न मात्र अजून विचारला जातो, आणि तो कानावर येऊनही आम्ही पुष्कळदा न ऐकल्यासारखे केले आहे. भारतातील कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलितांच्या सबलीकरणाविषयीचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेच्या आतही जातिभेद असल्याची कबुली दिली. कबुली ही प्रायश्चित्त संस्काराची एक पायरी आहे, शेवटची नव्हे.

म्हणून त्या वृद्ध धर्मशिक्षकांना आमचे नम्र सांगणे असे: गुरुजी, तुम्ही म्हणता तो धोंडा आम्हांलाही लागला. त्याने कोणाचे पोट भरले नाही, हे खरे; परंतु भाकर कोणाला मिळत नाही, हे त्याने दाखविले. पुढच्या प्रायश्चित्तकाळात सभागृहात पुन्हा चित्रपट लागेल. कोणता, ते युवकांनी ठरवावे. त्या दिवशी आम्ही पुढची खुर्ची सोडून मागच्या ओळीत सतरंजीवर बसणार आहोत, आणि तेथे बसणाऱ्यांना कधी हसू येते व कधी येत नाही, ते पाहणार आहोत. तुम्हीही यावे, ही विनंती.